आंबा घाटात दम सोडणारी गाडी

"गाडी चढावर खेचत नाही." गेल्या एप्रिलमध्ये मी गॅरेजमध्ये जाऊन एवढंच सांगितलं. कधी खेचत नाही, कुठल्या गिअरवर, किती वजनावर, तेव्हा धूर कसला येतो, यातलं काहीच सांगितलं नाही. मेकॅनिकनेही विचारलं नाही. या चार शब्दांपायी आंब्याच्या ऐन हंगामातले पाच आठवडे गेले आणि वीसेक हजार रुपये उगाच खर्च झाले. ज्यांच्याकडे जुनी डिझेल गाडी आहे त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

आमची पिकअप २००३ सालची. एमएच ०८ ची पाटी, इंजिनाला डिझेल पुरवणारा साधा मेकॅनिकल रोटरी पंप, टर्बो नाही, सेन्सर नाही, स्कॅनर जोडायला जागाही नाही. वडिलांनी नवी घेतली होती. रत्नागिरीतल्या पावस गावाजवळ आमची आंब्याची कलमं आहेत, आणि हंगामात आठवड्याला दोन खेपा कोल्हापूरला जातात. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, मग आंबा घाट आणि वर मलकापूर. पन्नास क्रेट म्हणजे टनभर माल. संध्याकाळी भरून रात्री निघायचं, पहाटे मार्केट यार्डात पोचायचं. सकाळचा सौदा चुकला तर तोच आंबा दुपारी पडेल त्या भावाने द्यावा लागतो.

त्या रात्री साखरपा सोडून घाट सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर गाडी जड वाटायला लागली. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घेतली. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिनाचा आवाज चढेना. धाप लागलेला माणूस बोलताना मधेच थांबतो, तसं ते मधे मधे अडत होतं. शेवटी पहिल्या गिअरवर रांगत घाटातल्या गायमुखापाशी आलो आणि रस्त्याकडेच्या सपाट जागेत गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडलं. पाण्याचा काटा जागेवर, ऑइल बरोबर, कुठे गळती नाही. दहा मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवलं आणि पुन्हा निघालो, तर गाडी काहीच झालं नसल्यासारखी ओढायला लागली. मैलभर गेल्यावर पुन्हा तेच. वर पोचून मलकापूरला डिझेल भरलं. तिथून कोल्हापूरपर्यंत तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी गावाजवळच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिक मुलाने मन लावून काम केलं, हे आधी सांगायला हवं. इंजिनाला हात लावायच्या आधी त्याने बाकीच्या गोष्टी बघितल्या, आणि तो क्रम बरोबरच होता. आमच्याकडे खाऱ्या हवेने ब्रेकचे भाग गंजतात आणि चाक अडकून फिरतं, मग माणूस इंजिनाला दोष देत बसतो. त्याने गाडी चार किलोमीटर पळवून आणली आणि चारही चाकांना हात लावून बघितला. एकही चाक जास्त तापलेलं नव्हतं. क्लच बघितला. चढावर वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढला पण गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे असं समजायचं. आमच्या गाडीत तर आवाजच वाढत नव्हता. मग मला पेडल पूर्ण दाबायला लावून पंपावरचा लिव्हर शेवटच्या बोल्टला टेकतो का ते बघितलं. टेकत होता, म्हणजे केबल ठीक.

त्यानंतर एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलले. जुन्या डिझेल फिल्टरमधून चहाच्या कपात मावेल एवढं पाणी निघालं आणि खाली लालसर गाळ. ते बघून आम्हा दोघांची खात्री पटली की हेच कारण. मी त्याच दुपारी पेट्रोल पंपावर जाऊन टाकी फुल केली. पुढच्या दोन्ही खेपांना घाटात गाडी तिसऱ्यावर छान चढली. फिल्टरच होता, असं मी घरी येऊन सांगितलंही.

तिसऱ्या खेपेला बागेतून निघायलाच उशीर झाला, म्हणून पेट्रोल पंपावर थांबलो नाही. आंबा घाटात गाडीने त्याच ठिकाणी दम सोडला. कोल्हापूरला पोचलो तेव्हा सौदा उरकला होता. पन्नास क्रेट हापूस ताडपत्रीखाली तापत होता आणि मी दलालापुढे उभा होतो. त्या दिवशी किती नुकसान झालं ते लिहीत नाही, पण दीड वर्ष कलमांमागे राबलेल्या माणसाला तो दिवस विसरता येत नाही.

आता रत्नागिरीत मोठ्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मेकॅनिकने मीटरवरचा २,६०,००० चा आकडा बघितला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "इंजिनचं काम निघालंय. कॉम्प्रेशन गेलं." खर्च साठ-सत्तर हजार. मी म्हटलं, इंजिन खोलून बांधायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजा. तो नाखुशीने तयार झाला. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढून तिथेच उलटं ठेवलं. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतील तर खालून दाबाने हवा येते आणि झाकण उडायला लागतं. आमचं झाकण जागचं हललं नाही. मग गेज लावलं. चारही सिलिंडर ३८० ते ४०० पीएसआयच्या दरम्यान आले, एकमेकांपासून फारसे लांब नाहीत. वीस वर्षांच्या डिझेल इंजिनाला याहून चांगलं प्रमाणपत्र नको. साठ हजारांचं काम त्या एका गेजने वाचवलं, म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नका.

पण मग तो म्हणाला, दोष पंपात आणि नोझलमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांत. ऐकायला पटलं. पंप उतरवून पंप रूमला, म्हणजे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्यांकडे, पाठवला, नोझलचा दाब लावून घेतला, चौदा हजार रुपये दिले. गाडी हातात आली, टाकी भरली, कोल्हापूरला गेलो, घाट आरामात चढला. पुढची खेप मात्र पुन्हा गायमुखापाशी अडली.

दोनदा बरी झालेली गाडी दोनदा पुन्हा आजारी पडली. मला वाटत होतं की दुरुस्ती टिकत नाही. खरं तर दुरुस्ती झालीच नव्हती.

माझा भाचा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बर्फाची गाडी चालवतो. त्याने तिथल्या एका चाचांकडे न्यायला सांगितलं. चाचा चाळीस वर्षं मच्छीमारी बोटींची इंजिनं करतात. भर समुद्रात इंजिन बंद पडून चालत नाही, त्यामुळे ते काहीही खोलण्याआधी बराच वेळ प्रश्न विचारतात. त्यांनी मला पहिलाच प्रश्न केला, "ताकद सोडते तेव्हा धूर कसला येतो?"

मी सांगू शकलो नाही. रात्री मागचं कुठे दिसतं? ते म्हणाले, "आधी ते बघून ये. मग बोलू."

मग भाच्याला मोटारसायकलवरून गाडीच्या मागे यायला सांगितलं. माल नव्हता म्हणून वजनासाठी हौद्यात तीसेक जांभ्याचे चिरे भरले. तेही टनाच्या आसपास जातात. भाट्याचा पूल ओलांडून गोळपच्या सड्याकडे, वरच्या पठाराकडे, निघालो. चढावर अर्ध्यात गाडीने दम सोडला, आणि भाचा बाजूला येऊन ओरडला, "मामा, धूरच नाय! कायच नाय!"

चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "भाऊ, मग ती उपाशी हाय. जेवून आजारी पडलेली नाय." आणि त्यांनी जे समजावलं ते इतकं सोपं होतं की मला ते वीस वर्षांत कुणी का सांगितलं नाही असं वाटलं. ताकद जाते आणि काळा धूर येतो, तेव्हा डिझेल पुरेसं आहे पण हवा कमी पडते: एअर फिल्टर, टर्बोच्या गाडीत टर्बोचा फाटलेला पाईप, किंवा नोझल नीट फवारत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातून पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, किंवा पाणी आत जातंय. आणि ताकदही नाही, धूरही नाही, तर इंजिनाला डिझेलच पोचत नाही. मग शोधायचं ते टाकीपासून पंपापर्यंत. इंजिन खोलायचा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाच लिटरचा कॅन आणला, टपावरच्या कॅरिअरला घट्ट बांधला आणि त्यातून पाईप थेट डिझेल फिल्टरला जोडला. पंपाकडून परत येणाऱ्या डिझेलचा रिटर्न पाईपही कॅनमध्येच सोडला, नाहीतर पाच लिटर बघता बघता टाकीत निघून गेलं असतं. टाकी पूर्ण बाजूला. चिरे तसेच हौद्यात. गोळपचा तोच चढ. गाडी तिसऱ्यावर न अडता वर गेली, आणि मागे धूरही हवा तसा, हलका करडा दिसला. पंप चांगला, नोझल चांगले, फिल्टर चांगला, इंजिन चांगलं. पाच लिटरच्या कॅनने अर्ध्या तासात ते दाखवलं. चौदा हजार रुपये देण्याआधी ही चाचणी करायला हवी होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता दोष टाकी आणि फिल्टर यांच्या मधे. तिथे दोनच गोष्टी होऊ शकतात: डिझेल अडतंय किंवा लाइन हवा घेतेय. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीची आहे, दाबाची नाही. तिला भोक पडलं तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत खेचली जाते. म्हणून खाली वाकून कितीही बघितलं तरी ओल सापडत नाही.

हवा बघायला चाचांनी काय वापरलं? गवंड्याचा लेव्हल पाईप. पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवतात तो पारदर्शक पाईप. टाकीकडून येणारी लाइन फिल्टरपाशी सोडवली आणि मधे दोन-अडीच मीटर लेव्हल पाईप घातला. तो बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून समोरच्या काचेच्या खालच्या कडेला, बाहेरून, सुतळीने बांधला. सायलेन्सरच्या पाईपाला कुठे लागत नाही ना हे दोनदा तपासलं. हा तात्पुरता उपाय आहे, असा पाईप डिझेलवर कायम ठेवायचा नसतो. मी गाडी चालवायला, चाचा शेजारी, आणि आमच्या दोघांच्या नाकासमोर काचेच्या पलीकडून फिकट पिवळं डिझेल वाहतंय.

आधी बंदरात सपाट जागेवर उभं राहून रेस दिली. भरपूर दिली. एक बुडबुडा नाही. चाचा म्हणाले, "ध्यानात ठेव." पूल ओलांडला, भाट्याच्या सुरूच्या बनापर्यंत पाईप स्वच्छ. चढ लागला. पहिल्या वळणावर मोहरीएवढा एक बुडबुडा काचेवरून डावीकडून उजवीकडे सरकत गेला. मग दोन. मग साबुदाण्याएवढे, एकामागे एक, ओवलेल्या मण्यांसारखे. अर्ध्या चढावर पाईपात वर हवा आणि खाली डिझेल असे दोन थर दिसायला लागले, आणि त्याच क्षणाला माझ्या पायाखालची ताकद गेली. दहा-बारा सेकंदांचं अंतर नाही. वर सड्यावर सपाटीला आलो. मिनिटभरात पाईप पुन्हा स्वच्छ.

मी म्हणालो, "लाइन कुठेतरी गंजलीय. पूर्ण बदलूया." चाचांनी मान हलवली. लाइनीला भोक असतं तर सपाटीवर रेस दिल्यावरही बुडबुडे आले असते. या जातीचा पंप इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे डिझेल ओढतो आणि नको ते परत पाठवतो. म्हणजे लाइनीवरची ओढ गाडी चढावर आहे की बंदरात उभी आहे हे बघत नाही, फेऱ्या तेवढ्या बघते. बंदरात फेऱ्या जास्त होत्या, तरी हवा आली नाही. चढावर वेगळं काय होतं? गाडीचं नाक वर होतं. "टाकीत डिझेल किती हाय?" त्यांनी विचारलं.

काटा अर्ध्याच्या खाली होता. मी डॅशबोर्डमधली वही काढली. वडिलांची सवय होती, प्रत्येक खेपेला तारीख, क्रेट, मीटरचा आकडा आणि भरलेलं डिझेल लिहायचं. ते गेल्यावर मीही ती सोडली नाही. सड्यावर गाडी उभी करून आम्ही दोघांनी त्या हंगामाची पानं वाचली. ज्या ज्या रात्री गाडी घाटात अडली होती, त्या त्या दिवशी रत्नागिरीत डिझेल भरल्याची नोंद नव्हती. ज्या खेपा नीट झाल्या, त्या सगळ्या टाकी फुल करून. फिल्टर बदलला त्या दिवशी टाकी फुल केली होती. पंप बसवला त्या दिवशीही. गाडी बरी केली होती ती डिझेलने, आणि श्रेय आम्ही फिल्टरला आणि पंपाला दिलं होतं. एका दिवशी दोन गोष्टी बदलल्या की कुठल्या गोष्टीने फरक पडला हे कळायचा मार्गच राहत नाही.

बाकीचं तासाभराचं काम. टाकीवरचे स्क्रू काढून फ्लोटचं, म्हणजे काट्याला डिझेलची पातळी कळवणारं, युनिट वर घेतलं. डिझेल ओढणारा सक्शन पाईप त्यालाच असतो, वरून तळापर्यंत जाणारा. तळाची जाळी साफ होती. पाईपावर मधल्या भागात तपकिरी पट्टा होता, अंगठ्याच्या रुंदीचा. चाचांनी नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला. खालचं टोक बोटाने दाबलं, डिझेलच्या बादलीत पाईप बुडवला आणि सायकलच्या पंपाने वरून हवा सोडली. पट्ट्यातून बुडबुडे आले: एक मोहरीएवढं भोक आणि त्याच्याखाली तांदळाच्या दाण्याएवढी चीर. पाईप टाकीशी मापून बघितला. भोक तळापासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर.

आता सगळं जुळलं. टाकी भरलेली असते तेव्हा भोक डिझेलखाली बुडालेलं, त्यातून आत गेलं तरी डिझेलच जाणार. टाकी निम्मी असते तेव्हाही सपाटीवर भोक बुडालेलंच. पण चढ लागला की डिझेल टाकीत मागे सरकतं आणि पाईप आहे त्या पुढच्या बाजूची पातळी दोन-तीन बोटं खाली जाते. भोक उघडं पडतं आणि पंप हवा प्यायला लागतो. गायमुखाच्या सपाट जागेत दहा मिनिटांत गाडी बरी व्हायची ती म्हणूनच. घरी अंगणाच्या चढावर नाक वर करून लावलेली गाडी कधीकधी सकाळी उशिरा स्टार्ट व्हायची, तेही त्यातच आलं. रात्रभरात त्याच भोकातून हवा शिरून लाइनीतलं डिझेल टाकीत उतरायचं. ती खूण मी थंडीवर आणि बॅटरीवर ढकलली होती.

पट्टा तिथेच का? चाचांच्या मते, आणि मला ते पटतं, पावसाळ्यामुळे. हंगाम संपला की आमची गाडी जूनपासून चार महिने जवळजवळ उभीच असते, टाकीत पाव-तिसरा हिस्सा डिझेल. वरच्या मोकळ्या जागेत आमची दमट खारी हवा. रात्री पत्रा गार होतो, आत दव धरतं, पाणी पाईपावरून ओघळतं. डिझेल आणि हवा जिथे मिळतात त्या रेषेवर लोखंड वर्षानुवर्षं खात राहिलं. फिल्टरमधलं ते कपभर पाणी आणि लाल गाळ तेच सांगत होते. आम्ही फिल्टर बदलला आणि ते कुठून आलं हे विचारलं नाही.

इतक्या जुन्या मॉडेलचं नवं युनिट रत्नागिरीत मिळालं नाही. रेडिएटरचं काम करणाऱ्याकडे युनिट घेऊन गेलो. ते आधी धुऊन कोरडं केलं, मग त्याने जुना पाईप मुळापासून कापून त्याच मापाचा नवा स्टीलचा पाईप पितळेने झाळून दिला. टाकीजवळ आग नेऊ दिली नाही, युनिट सुटं करूनच न्यायचं. टाकी उतरवून रिकामी केली, दोनदा डिझेलने खळखळून धुतली, उन्हात वाळवली. नवा फिल्टर, प्रायमर, म्हणजे छोटा हातपंप, मारून लाइनीतली हवा काढली. मजुरीसकट अकराशे रुपये. चाचांनी चहाशिवाय काही घेतलं नाही. दोन पेट्या पायरी त्यांच्या घरी पोचवल्या.

पुढची खेप मी मुद्दाम अर्ध्या टाकीवर काढली. पन्नास क्रेट, रात्रीचे अकरा, साखरपा मागे पडलं. लेव्हल पाईप काढला नव्हता, काचेखाली बॅटरी मारून भाचा त्याच्याकडे बघत बसला होता. गायमुख आलं, गाडी तिसऱ्यावर, काटा तिसऱ्या हिश्श्यावर. मी विचारलं, "काय दिसतं?" तो म्हणाला, "कायच नाय मामा. पाईप रिकामा असल्यासारखा वाटतो, इतका साफ."

मे संपला. शेवटची खेप टाकून आल्यावर टाकी गळ्यापर्यंत भरली, गाडी नाक उताराला करून मांगरात लावली आणि वहीत तारखेपुढे लिहिलं: फुल.